व्हीएमवेअर फुकट झालं, पण तुमच्या लॅपटॉपवर काय टाकायचं?

व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन प्रो आता सगळ्यांना फुकट आहे. घरी वापरा, कॉलेजात वापरा, कंपनीच्या कामाला वापरा, पैसे लागत नाहीत. मे २०२४ मध्ये ब्रॉडकॉमने ते वैयक्तिक वापरासाठी मोफत केलं आणि ११ नोव्हेंबर २०२४ ला व्यावसायिक वापरासाठीही. तेव्हापासून मला येणारे प्रश्न बदललेत. आधी पोरं विचारायची, "व्हर्च्युअलबॉक्स घेऊ की व्हीएमवेअर?" आता विचारतात, "दादा, एवढं महागडं सॉफ्टवेअर फुकट का देतायत? गोम काय आहे?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र थोडं मागून सुरू करावं लागतं.

ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा तुमच्या कम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कम्प्युटर. त्याला स्वतःची रॅम, स्वतःची डिस्क, स्वतःचं नेटवर्क कार्ड असल्याचा भास होतो. तुम्ही विंडोजवर असाल आणि तुमचं अ‍ॅप उद्या लिनक्स सर्व्हरवर चालणार असेल, तर आतल्या कम्प्युटरमध्ये उबुंटू टाकायचं आणि तिथे हवा तेवढा गोंधळ घालायचा. डेटाबेस बिघडला, चुकीचं पॅकेज टाकलं, तरी बाहेरचं विंडोज जागच्या जागी. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य कमी करायचा तो सगळ्यात जुना उपाय आहे.

मालक बदलला की काय होतं

व्हीएमवेअर ही १९९८ साली सुरू झालेली कंपनी. साध्या पीसीवर व्हीएम चालवणं तिनेच लोकांच्या आवाक्यात आणलं. २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने ती विकत घेतली. महिनाभरातच, डिसेंबर २०२३ मध्ये, एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद झालं. यापुढे फक्त सबस्क्रिप्शन, आणि तेही एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांत. मोठ्या कंपन्यांची बिलं वाढली. अमेरिकेतल्या एटीअँडटीने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रॉडकॉमवर खटला भरला. जुन्या कायमच्या लायसन्सबरोबर ठरलेला सपोर्ट चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबरमध्ये दोघांची तडजोड झाली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर महाग झालं आणि त्याच काळात लॅपटॉपवर चालणारं फुकट झालं. माझ्या मते यात दानधर्म नाही आणि कटही नाही. ब्रॉडकॉमचा खरा धंदा मोठ्या ग्राहकांकडून येतो. लॅपटॉपवरचं वर्कस्टेशन त्यांच्यासाठी किरकोळ आहे. ते विकायला माणसं लावण्यापेक्षा फुकट सोडून देणं स्वस्त पडतं, आणि नवीन इंजिनिअरांच्या हाताला व्हीएमवेअरची सवय राहते हा वरचा फायदा.

गोम असेल तर ती इथे आहे: फुकट सॉफ्टवेअरच्या मागे विकत घेतलेला सपोर्ट नसतो. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या पोर्टलवर खातं काढावं लागतं, आणि तिथे नेमकी फाइल शोधणं ही वेगळीच परीक्षा आहे. एकदा टाकून विसरून जाणंही चालत नाही. मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरच्या सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्ही उत्पादनांत अशा त्रुटी सापडल्या, ज्यातून व्हीएमच्या आतला माणूस बाहेरच्या मशीनपर्यंत पोचू शकत होता, आणि त्यांचा गैरवापर सुरू झाल्याचं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे "आत काहीही करा, बाहेर काही होत नाही" हे खरं, पण अपडेट केलेलं असेल तरच.

हे एकट्या व्हीएमवेअरचं नाही

गेल्या पाच वर्षांत डेव्हलपरांच्या रोजच्या हत्यारांचे नियम एकामागून एक बदललेत. ३१ ऑगस्ट २०२१ ला डॉकरने जाहीर केलं की डॉकर डेस्कटॉप आता फक्त छोट्या कंपन्यांना फुकट. २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न, दोन्ही अटी पाळायला हव्यात. विद्यार्थ्यांना आणि वैयक्तिक वापराला सूट कायम आहे. (विंडोजवर किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप चालवता तेव्हा पडद्यामागे एक लिनक्स व्हीएमच चालू असतं. "मला व्हीएम नको, मी डॉकर वापरतो" म्हणणारे व्हीएमच वापरत असतात.)

१० ऑगस्ट २०२३ ला हाशिकॉर्पची पाळी आली. एका फाइलीत मशीनचं वर्णन लिहा आणि एका कमांडने ते उभं करा, ही सोय देणारं व्हॅग्रंट त्यांचंच. त्यांनी आपल्या उत्पादनांचं ओपन सोर्स लायसन्स बदलून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. साध्या वापरकर्त्याला त्याने पैसे पडत नाहीत. अट आहे ती त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्यांसाठी. पण परिणाम आडवळणाने येतो: उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २४.०४ आवृत्तीपासून अधिकृत व्हॅग्रंट बॉक्स देणं थांबवलं. जुन्या यूट्यूब ट्युटोरियलमधलं बॉक्सचं नाव नवीन आवृत्तीला चालत नाही, त्याचं कारण हे. फेब्रुवारी २०२५ पासून हाशिकॉर्पही आयबीएमची झाली.

आणि व्हर्च्युअलबॉक्स? आपल्याकडे कॉलेजच्या लॅबपासून क्लासेसपर्यंत हेच दिसतं. मूळ सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, कंपनीतही बिनधास्त वापरा. पण डाउनलोड पानावर शेजारीच एक्स्टेन्शन पॅक असतो आणि आपण सवयीने तोही टाकतो. त्याचं लायसन्स वेगळं आहे. वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, कंपनीच्या कामाला विकत.

हिंजवडीत किंवा खराडीत इंटर्नशिपला लागलेल्या मुलामुलींनी इथे कान उघडे ठेवावेत. कॉलेजात जे हक्काने वापरत होतात तेच ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकलं तर लायसन्सचा भंग होतो, आणि नोटीस येते कंपनीला. मग आयटीवाले विचारतात, कोणी टाकलं? ट्युटोरियल बनवणाऱ्यांना हे सांगायला पाच सेकंद लागतील, पण सांगतो कोण! एक्स्टेन्शन पॅकमध्ये आता डिस्क एन्क्रिप्शन, वेबकॅम, रिमोट डिस्प्ले अशा गोष्टी उरल्यात. यूएसबी ३ चा सपोर्ट ७.० आवृत्तीपासून मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. शिकणाऱ्याला पॅक लागतच नाही, टाकू नका.

८ जीबीचं गणित

लायसन्सपेक्षा मोठी अडचण रॅमची आहे. बहुतेकांकडे ८ जीबीचा लॅपटॉप असतो. "रॅम वाढवून घे" हा सल्ला पूर्वी सोपा होता. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीने मेमरीचे भाव चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल या ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना मेमरी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. आहे त्या रॅममध्ये भागवणं हाच सध्या व्यवहार्य रस्ता आहे.

विंडोजवर असाल आणि फक्त लिनक्सवर कोड चालवायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी डब्ल्यूएसएल २ वापरा. हे मायक्रोसॉफ्टचं, विंडोजमध्येच बसणारं हलकं लिनक्स व्हीएम. होम आवृत्तीवरही चालतं, लागेल तेवढीच मेमरी घेत जातं आणि मे २०२५ पासून त्याचा बहुतेक कोड ओपन सोर्स आहे. मालकाचं मन बदललं तरी कोड लोकांच्या हातात राहील, ही खात्री मला फुकट किमतीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

त्यात दोन सेटिंग लगेच करा. डब्ल्यूएसएल २ ला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढायची मुभा असते. ८ जीबीवर ते ४ जीबी खाऊ शकतं, मग क्रोम आणि एडिटर रडायला लागतात. स्टार्ट मेनूत डब्ल्यूएसएल सेटिंग्ज नावाचं अ‍ॅप आहे, तिथे मर्यादा ३ जीबी करून टाका. दुसरं, प्रोजेक्टचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. दोन फाइल सिस्टिममधली ये-जा इतकी हळू आहे की हजारो छोट्या फाइली असलेला नोड प्रोजेक्ट अक्षरशः रांगतो. "डब्ल्यूएसएल स्लो आहे" म्हणून आलेल्या तक्रारींत मी पहिल्यांदा फोल्डर कुठे आहे ते विचारतो.

पूर्ण वेगळं मशीन हवंच असेल, म्हणजे सर्व्हर सुरुवातीपासून बसवायला शिकायचंय किंवा नेटवर्किंगचा सराव करायचाय, तर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर. दोन्ही चालतात. मी व्हर्च्युअलबॉक्सकडे झुकतो, त्याचा कोड उघडा आहे म्हणून. सुरुवातीला बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम अशा नावाने ते असतं. मग डेस्कटॉप नसलेलं उबुंटू सर्व्हर घ्या, २ जीबी रॅम आणि २ कोअर द्या. निम्म्याहून जास्त कोअर देऊ नका, व्हीएम पळण्याऐवजी दोन्ही मशीन अडकतात. खिडकीच्या खालच्या पट्टीत छोटं हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजचं हायपर-व्ही आधीच जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून चालावं लागतंय. डब्ल्यूएसएल चालू असेल तर हे होणारच. दोन्ही हवं असेल तर कासव सहन करा.

नेटवर्कमध्ये 'ब्रिज्ड' निवडायचा मोह होतो, कारण ट्युटोरियलमध्ये तेच असतं. हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर, जिथे लॉगिनचं पान येतं, तिथे ते बहुधा अडकतं. नॅट राहू द्या आणि पोर्ट फॉरवर्डिंग करा: बाहेरचं पोर्ट २२२२, आतलं २२. होस्ट आयपीच्या रकान्यात १२७.०.०.१ भरायला विसरू नका. तो रिकामा ठेवला तर त्या वायफायवरचा दुसरा कोणीही तुमच्या व्हीएमचं दार ठोठावू शकतो, आणि शिकताना पासवर्ड आपण काय ठेवतो ते सगळ्यांना माहितीय.

स्नॅपशॉट घेत जा, पण त्याला बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असतो. लॅपटॉपची एसएसडी गेली की दोन्ही गेले. कोड गिटवर आणि महिन्यातून एकदा व्हीएम एक्सपोर्ट करून बाहेरच्या ड्राइव्हवर. आपोआप वाढणारी डिस्क फाइल आपोआप लहान होत नाही, हेही लक्षात असू द्या. २५६ जीबीच्या एसएसडीवर ते लवकरच जाणवतं.

एम मालिकेच्या मॅकवाल्यांना वेगळं गणित आहे. तिथे एआरएम चिप असल्यामुळे उबुंटूची एआरएम आवृत्तीच घ्या. यूटीएम हे ओपन सोर्स अ‍ॅप पुरेसं आहे.

आणि फोन?

लॅपटॉपच नाही, असे वाचक आमच्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी मार्च २०२५ मध्ये एक गंमत झाली. गुगलने पिक्सेल फोनवर अँड्रॉइड १५ मध्ये टर्मिनल नावाचं अ‍ॅप दिलं. डेव्हलपर ऑप्शन्समधून लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट चालू केलं की ते डेबियन उतरवून घेतं आणि खऱ्या व्हीएममध्ये चालवतं. टर्मक्ससारखं अँड्रॉइडच्याच आत कोपरा धरून बसणं नव्हे, तर वेगळा कर्नल, वेगळी डिस्क. पायथन, गिट, छोटा वेब सर्व्हर हे सगळं त्यात होतं. अडचण चिपची आहे. प्रोसेसर आणि कंपनी या दोघांनी व्हीएमला परवानगी दिलेली असेल तरच तो पर्याय कामाचा, आणि आपल्याकडे सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांत तो सहसा मिळत नाही.

तुमच्या फोनमध्ये बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'लिनक्स' असा शब्द शोधा. सापडला तर फोनचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, चालणाऱ्या फोनांची यादी आपण इथेच करू.