काळा वीर आणि किशोरांचे कपाट

चेन्नईत बदलून आलेल्या मराठी कुटुंबांच्या एका छोट्या ग्रंथसंग्रहात किशोरविभागाचे एक कपाट आहे. त्यात पुस्तकांबरोबर चित्रपटांच्या तबकड्याही ठेवतात. एका सभासदाने बदलीवर जाताना आपल्याजवळच्या तबकड्या या कपाटास देऊ केल्या. त्यांत ख्रिस्तोफर नोलन यांचा २००८ सालचा ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनचा चित्रपट होता, आणि शंकर यांच्या २००५ सालच्या तमिळ ‘अन्नियन’ची हिंदी आवृत्ती ‘अपरिचित’ हीही होती. निवडसमितीने दुसरी तबकडी विनाचर्चा दाखल करून घेतली आणि पहिली परत केली. कारण एका वाक्याचे: चित्रपट काळोखा आहे, मुलांच्या मनावर अनिष्ट परिणाम होईल. समितीपैकी कोणीही तो पाहिलेला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. एका सन्मान्य सदस्यांनी तर नावाचा अर्थ ‘काळी रात्र’ असा लावला होता. येथील नाइट म्हणजे रात्र नव्हे, सरदार. मोकळेपणाबद्दल आम्ही समितीचे आभारी आहोत. निर्णयाशी मात्र आमचे भांडण आहे.

आमचा पक्ष प्रथमच सांगून टाकतो. ‘द डार्क नाइट’ पंधरा वर्षांवरील मुलांच्या कपाटात असावा, आणि शंका घ्यावयाचीच तर ती ‘अपरिचित’विषयी घ्यावी. धाकट्यांच्या हाती पहिला चित्रपट देऊ नये हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्यात अर्धा चेहरा जळालेला मनुष्य आहे, एकाच्या पोटात शिवलेला बॉम्ब आहे, आणि विदूषकाचे रंग फासलेला, पैशाचीही चाड नसलेला खुनी आहे. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांसही वडीलधाऱ्यांबरोबर तो पाहण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्या वर्षी तेथील प्रमाणन मंडळाकडे सर्वांत अधिक तक्रारी याच चित्रपटाविषयी आल्या. त्या तक्रारी अनाठायी होत्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रश्न दहा वर्षांच्या मुलाचा नसून अकरावीत गेलेल्या मुलाचा आहे. ‘नाही तरी मुले मोबाइलवर सर्व पाहतातच’ हा युक्तिवादही आम्ही करणार नाही. त्या न्यायाने कपाटच मोडीत काढावे लागेल.

आमचे बहुतेक वाचक फायलींवर शेरे लिहिणारे आहेत. फाइल न उघडता तिच्यावर शेरा मारणाऱ्या सहायकाला आपण काय म्हणतो, हे येथे छापण्याजोगे नाही. कायद्याची साक्ष काढावयाची तर तीही समितीच्या विरुद्धच जाईल. अमेरिकेत १९५४ साली डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांच्या पुस्तकाने चित्रकथांविरुद्ध मोठे काहूर उठवले. त्यांच्या रोषातून बॅटमॅनही सुटला नव्हता. पुढे १९५६ साली आपल्या संसदेने तरुणांस हानिकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. वीस वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात ‘तरुण’ ठरते, इतका तो कडक. तो छापील कथांसंबंधी असला तरी त्यातील कसोटी ध्यानात घेण्याजोगी आहे: गुन्हा किंवा क्रौर्य चितारले एवढे पुरत नाही, ते प्रकाशन समग्रपणे तरुणास बिघडवणारे असले पाहिजे. समग्रपणे म्हणजे पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत. आणि येथे तर वेष्टनावरचे चित्र पाहूनच निकाल लागला!

चित्रपट समग्र पाहिला असता काय दिसते? बॅटमॅन एका गुंडास उंचावरून खाली टाकून त्याचे पाय मोडतो. हाती काही लागत नाही. पोलिसांच्या कोठडीत तो जोकरला बेदम मारतो, तेव्हा जोकर दोन पत्ते सांगतो, पण त्यांची अदलाबदल करून. आणि जिला वाचवावयाचे तीच जिवास मुकते. मारहाणीने सत्य बाहेर येत नाही हे इतक्या निष्ठुरपणे दाखवणारा लोकप्रिय चित्रपट आम्हांस दुसरा आठवत नाही. पुढे सर्व शहराच्या टेलिफोनांवरून सर्वांवर नजर ठेवणारे यंत्र येते. ते चालवावयास बसलेला वृद्ध सहकारी स्पष्ट बजावतो की हे एवढ्या एकाच वेळी, नंतर माझा राजीनामा. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसास या प्रसंगाचे मोल सांगावयास नको. आणि त्या दोन बोटी! एकीत कैदी, दुसरीत सामान्य नागरिक, आणि प्रत्येकीच्या हाती दुसरीला उडवून देण्याची कळ. नागरिक रीतसर मतदान घेतात, बहुमत स्फोटाच्या बाजूने पडते, पण ती कळ अखेर कोणीही फिरवत नाही. आणि कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी ती कळ अधिकाऱ्याच्या हातून घेऊन पाण्यात फेकून देतो. काळोख म्हणतात तो हाच काय? शेवटी शहराचे धैर्य खचू नये म्हणून एक मोठे असत्य जाणूनबुजून रचले जाते. ते योग्य की अयोग्य, यावर सोळा वर्षांच्या मुलामुलींनी तासभर वाद घालावा, यासाठीच तर किशोरविभाग काढला ना?

आता ‘अपरिचित’ पाहू. विक्रम यांचा अभिनय असामान्य आहे, आणि चित्रपटाच्या मुळाशी असलेले दुःख खोटे नाही. पावसाच्या पाण्यात पडलेल्या विजेच्या तारेने एक लहान मुलगी मरते. कामचुकारपणाने माणसे मरतात हे चेन्नईस काय किंवा मुंबईस काय, कोणी शिकवावयास नको. परंतु त्यावर उपाय कोणता सुचवला आहे? अपघातात सापडलेल्यास गाडीत न घेणारा म्हशींच्या कळपाखाली तुडवला जातो. रेल्वेत वाईट अन्न देणारा ठेकेदार उकळत्या तेलात जातो. शिक्षा गरुडपुराणातून निवडलेल्या, आणि नेम एकदाही चुकत नाही: अपराधी नेहमी तोच, अपराध नेहमी सिद्ध. न्यायालय नायकास उपचारास पाठवते खरे, पण बरा होऊन परतल्यावर तो त्या वायरमनला धावत्या गाडीतून फेकून देतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आमच्याच घरांतील मुलांनी त्या टाळ्या वाजवल्या आहेत, आणि आम्हीही मागे राहिलो नाही. चित्रपट उजळ आहे, गाण्यांनी भरलेला आहे, दूरचित्रवाणीवर वारंवार लागतो. म्हणून तो निरुपद्रवी! नियम पाळण्यावर आणि पाळवून घेण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या मुलांना चौकशीवाचून फाशी गोड वाटू लागावी, याची भीती समितीस वाटली नाही. बॅटमॅनच्या काळ्या झग्याची वाटली.

काळोखातल्या सुडाचा मराठी माणसास विटाळ आहे असेही नाही. वेष पालटून राहिलेला भीम रात्री नृत्यशाळेत कीचकाचा चेंदामेंदा करतो, ही कथा आपण मुलांना जेवताना सांगतो. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्या सरकारी अधिकाऱ्यांविषयी एवढे तरी म्हणावे लागेल की त्यांनी नाटकाचा अर्थ ओळखला होता. कीचकात त्यांना कर्झन दिसला. वाचून बंदी घालणारा विरोधक न पाहता परत करणाऱ्या मित्रापेक्षा आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.

काळे ते सर्व घ्या असा आमचा आग्रह नाही. २०१९ सालच्या ‘जोकर’ला भारतात केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र मिळाले, तो किशोरांच्या कपाटात येऊ शकत नाही, विषय संपला. पण प्रमाणपत्र केवळ दार दाखवते. निवड त्यानंतर सुरू होते. रंगनाथन १९२४ साली याच शहरात मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांचे पाच नियम येथूनच प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. ज्यांच्या वर्गण्यांवर हा संग्रह चालतो ती मंडळी तीन वर्षांनी गुवाहाटीस किंवा नागपुरास असतील. मुलांचे पंधरावे वर्ष मात्र येथेच सरेल.

समितीची बैठक पुढील महिन्यात आहे. दोन्ही तबकड्या आम्ही घेऊन येऊ, आणि अकरावी-बारावीची चार मुलेही बरोबर आणू. ‘द डार्क नाइट’ दोन तास बत्तीस मिनिटांचा आहे, तेव्हा बैठक सहाऐवजी तीन वाजता बोलवावी, अशी विनंती आहे.