झुलीखालचा घोडा
दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोडेबाजार फुलतो. यात्रेतल्या चेतक फेस्टिव्हलची रोषणाई आपल्या जागी; मला मात्र तिथले मुरलेले व्यापारी न्याहाळायला आवडतात. गिऱ्हाईक रंगावर, झुलीवर, नाचावर भाळलेलं असतं. मुरलेला व्यापारी मात्र घोड्याचा ओठ उचलून दातांवरून वय ताडतो, खूर बघतो, मग झूल उतरवून चार पावलं चालवायला लावतो. उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला बसलो की मला हा झूल उतरवून बघणारा गडीच आठवतो. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांचं शुभाशुभही तो मानतो. ते काही आपल्याला पटत नाही. पण सौदा फिसकटला तरी समोरच्याला चहा पाजल्याशिवाय उठू देत नाही. पुढच्या यात्रेला पुन्हा गाठ पडायचीच असते.