नाक वर का जाते?

'तेजस' विमानाच्या शेपटीला आडवा पंख नाही, हे आपल्या विज्ञान शाखेतील किती जणांच्या लक्षात आले असेल? ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला ते प्रथम उडाले. त्याचे नाक वर-खाली करण्याचे काम मुख्य पंखांच्या मागच्या कडेवरील झडपा करतात. त्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही एकदम वर वळल्या की पंखाची मागची बाजू खाली दाबली जाते आणि नाक वर येते. एक वर, एक खाली केली, तर विमान कुशीवर कलते.

हे फळ्यापेक्षा थर्मोकोलच्या त्रिकोणी पंखावर शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पातळ थर्मोकोल, चिकटपट्टी, नाकाला वजन म्हणून चिमूटभर माती. खडे बाजारात चक्कर मारली की सामान जमते. झडपा किंचित वर ठेवून फेकले की विमान संथ तरंगत जाते. जास्त वर केल्या की नाक उचलले जाते, वेग संपतो आणि स्वारी धपकन खाली! शिवाय बिनशेपटीच्या विमानात झडप गुरुत्वमध्याच्या जवळ असते. भुजा आखूड, म्हणून जोर जास्त लागतो. आखूड पहारीने धोंडा हलवून पाहिलेल्याला हे निराळे सांगायला नको.

शेपटीवाल्या मॉडेलात तर खरी मौज आहे. पंखाचे फ्लॅप खाली केले तर काय होईल? पाठांतरवाला सांगतो, दाब मागे सरकतो, म्हणून नाक खाली. उत्तर चूक नाही. पण वरच्या बाजूस पंख असलेल्या कित्येक मॉडेलांत फ्लॅप उतरताच नाक वर उचलले जाते! पंखामागची हवा अधिक तिरपी वाहून शेपटीला खाली दाबते. दोन आघूर्णांच्या या झुंजीत कोण जिंकेल, हे त्या त्या मॉडेलच्या बांधणीवर ठरते.

वेळ नाही, गुण नाहीत, ही सबब मला पटत नाही. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. निपाणीहून येताना लागणाऱ्या हत्तरगीला विमानांचे भाग तयार होतात. त्या दारांशी उद्या आपल्यातलेच काही उभे राहतील. तयार ड्रोन आणून हे साधणार नाही. त्यातले यंत्र तोल परस्पर सावरते. आघूर्णाच्या प्रात्यक्षिकात मीटरपट्टीसोबत एक ग्लायडर ठेवावा आणि मराठी-कन्नड दोन्हीकडच्या मुलांनी तो मिळून मैदानात फेकावा. प्राध्यापकांनी येत्या सत्रापासूनच परवानगी द्यावी.