आकाश बंद होते तेव्हा

२३ जून २०२५ च्या सायंकाळी कतारने आपले हवाई क्षेत्र बंद केले. त्यानंतर थोड्याच वेळात इराणची क्षेपणास्त्रे अल उदेद येथील अमेरिकी तळाच्या दिशेने आली. बहरीन, कुवेत आणि संयुक्त अरब अमिराती यांनीही काही काळ आपापले आकाश बंद ठेवले. त्याच रात्री एअर इंडियाने आखाती देशांबरोबरच युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील उड्डाणेही स्थगित केली. दोह्याचे आकाश काही तासांतच खुले झाले. पण विस्कटलेले वेळापत्रक सुरळीत होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

आपल्या समाजातील फार थोडी घरे अशी असतील की ज्यांचा या मार्गांशी संबंध नाही. कोणाची पेढी दुबईत आहे, कोणाचा भाऊ अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवहारात आहे, कोणाची मुलगी लंडनला शिकते, तर कोणाचे आईवडील नातवंडांना भेटण्यास अमेरिकेला निघालेले आहेत. दूर कोठेतरी पेटलेल्या संघर्षाची झळ अशा रीतीने आपल्या उंबरठ्यापर्यंत येते. युद्ध थांबवणे आपल्या हाती नाही. मात्र प्रवासाची आखणी, पैशाची तरतूद आणि दिलेल्या शब्दाची काळजी या गोष्टी निश्चितच आपल्या हाती आहेत.

प्रथम आकाश बंद का होते ते पाहू. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते आणि लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी ते राष्ट्र आकाशाचा एखादा भाग बंद करू शकते. तशी सूचना वैमानिकांना व विमान कंपन्यांना ‘नोटॅम’द्वारे दिली जाते. ही बंदी कधी तासांची असते, कधी महिन्यांची. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने लादलेली बंदी १६ जुलैला उठली. २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच उत्तर दिले. इंडिगोला अल्माटी व ताश्कंदची उड्डाणे थांबवावी लागली, कारण वळसा घालून तेथवर पोहोचणे त्या विमानांच्या पल्ल्यात बसत नव्हते.

विमानतळावर तासन् तास ताटकळताना राग येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दोन घटना आठवाव्यात. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे विमान पूर्व युक्रेनवरून ३३,००० फुटांवरून जात होते. त्या भागातील आकाश ३२,००० फुटांपर्यंतच बंद होते. त्याच्या वरचा मार्ग खुला होता. क्षेपणास्त्राने त्या विमानातील सर्व २९८ जीवांचा अंत झाला. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलाने चुकून पाडले. १७६ जण गेले. तणावाच्या त्या पहाटे तेहरानचे आकाश नागरी विमानांसाठी खुलेच ठेवलेले होते. जीवदया मानणाऱ्या आपण ‘विमान रद्द’ ही पाटी वाचताना एवढे ध्यानात ठेवले, तर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याशी बोलण्याचा आपला सूर आपोआप उतरेल. आकाश बंद करणारा तो नव्हे. आणि पुढच्या विमानात जागा शोधून देणारा बहुधा तोच असतो.

आता पैशाकडे वळू. परतावा, सोय आणि भरपाई या तीन गोष्टींची लोक गल्लत करतात आणि मग नको तेथे भांडतात व हवे तेथे गप्प राहतात.

परतावा म्हणजे तिकिटाचे पैसे परत मिळणे. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केले, तर भारतीय नियमांनुसार पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक तिने द्यावयाचे असते. पैसे कंपनीकडेच जमा ठेवून पुढे वापरायचे की परत घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. तिकीट एजंटामार्फत घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते.

सोय म्हणजे अडकलेल्या काळातील जेवण, निवास इत्यादी. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांना तेथील २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, मग कंपनी कोणत्याही देशाची असो. कारण असाधारण असले तरी जेवणाची व निवासाची जबाबदारी कंपनीला टाळता येत नाही. २०१० मध्ये ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले होते. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१३ साली हेच स्पष्ट केले.

भरपाई म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल मिळणारी जादा रक्कम. युद्ध किंवा सुरक्षेचा धोका हे कारण असेल, तर ती भारतातही मिळत नाही आणि युरोपातही नाही. जे मिळणारच नाही त्यासाठी शक्ती खर्च करू नये. जे हक्काचे आहे ते मात्र शांतपणे व लेखी मागावे. रद्द झाल्याचा संदेश, बोर्डिंग पास, भोजनाच्या व हॉटेलच्या पावत्या या सर्वांची छायाचित्रे त्याच दिवशी घरी पाठवून ठेवावीत. पावतीवाचून दावा टिकत नाही, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

तिकिटाविषयी काही व्यावहारिक सूचना.

बातमी ऐकून घाबरून स्वतःचे तिकीट स्वतः रद्द करू नये. आपण रद्द केले तर रद्द करण्याचे शुल्क आपल्या माथी येते. कंपनीने रद्द केले तर पूर्ण परताव्याचा हक्क निर्माण होतो. प्रवासाच्या तारखेपर्यंत कंपनीच्या अधिकृत संदेशाची वाट पाहावी. तणावाच्या काळात अनेक कंपन्या विनाशुल्क तारीख बदलण्याची सवलतही जाहीर करतात.

मुंबईहून दुबई आणि तेथून पुढे युरोप असा प्रवास असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत. दोन स्वतंत्र तिकिटे काही वेळा स्वस्त पडतात. परंतु पहिले विमान रद्द झाल्यास दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणीही घेत नाही. वाचलेले चार पैसे अशा वेळी दामदुपटीने जातात. तसेच एका तिकिटावरील पहिला टप्पा न कळवता सोडून दिला, तर पुढचे टप्पे, अगदी परतीचे तिकीटसुद्धा, रद्द होऊ शकतात.

पर्यायी मार्ग स्वीकारण्यापूर्वी व्हिसा तपासावा. काही देशांत नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. ब्रिटनमार्गे जाणाऱ्या भारतीयांना तो अनेकदा लागतो. शेंगेन देशांत अडकून व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. आपल्या हाताबाहेरच्या कारणासाठी तेथे विनाशुल्क मुदतवाढीची तरतूद आहे.

देशांतर्गत प्रवासातही पर्याय ठाऊक असावा. मे २०२५ मध्ये उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस बंद होते आणि १२ मे रोजी ते खुले झाले. राजकोट, जामनगर, भुज, जोधपूर यांच्याबरोबर गिरनारच्या यात्रेकरूंना जवळचे केशोद आणि भद्रेश्वरला जवळचे मुंद्राही त्या यादीत होते. अहमदाबाद व उदयपूर मात्र नव्हते. यात्रेला निघताना दुसरा विमानतळ आणि रेल्वेचा मार्ग आधीच टिपून ठेवणे हे शहाणपणाचे.

विम्याची कागदपत्रे घरीच, निवांत बसून वाचावीत. बहुतेक प्रवास पॉलिसींत युद्ध आणि तत्सम कारणांमुळे होणारे नुकसान वगळलेले असते. संघर्ष जाहीर झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या संघर्षापुरती सहसा उपयोगी पडत नाही. तथापि आजारपणाचे संरक्षण मोलाचे असते. म्हणून परदेशात मुक्काम लांबला, तर पॉलिसीची मुदत संपण्याआधीच ती वाढवून घ्यावी, विशेषतः ज्येष्ठांच्या बाबतीत.

आहाराचा प्रश्न आपल्यासाठी इतरांहून नाजूक आहे. आरक्षणात नोंदवलेले जैन भोजन, ज्याची सांकेतिक खूण ‘व्हीजेएमएल’ अशी असते, विमान बदलले की नव्या तिकिटावर आपोआप येईलच असे नाही. ते पुन्हा नोंदवून घ्यावे. हातातील सामानात दोन दिवस पुरेल इतका खाखरा, सुकी भाजणी, खारा चणा असा कोरडा नाश्ता असावा. वडीलधाऱ्यांची औषधे निदान आठवडाभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातच ठेवावीत; सोडून दिलेले सामान कोठे पोहोचेल याचा भरवसा नसतो. चौविहार पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: सूर्यास्त कोणत्या शहराचा धरावा? पच्चक्खाणातील आगारांविषयी निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी मनाला टोचणी लागत नाही.

आता व्यापाराचा विषय, ज्याचा विचार प्रवासी सर्वांत शेवटी करतो. प्रवासी विमानांच्या पोटात मालही जातो. त्यामुळे उड्डाणे थांबली की हिऱ्यांची पाकिटे, तयार कपडे, औषधे, ताजी फळे हे सारे अडते. निर्यात लेटर ऑफ क्रेडिटवर असेल, तर माल रवाना करण्याची अंतिम तारीख आणि पतपत्राची मुदत या दोन्ही तारखा त्यात नमूद असतात. आकाश बंद झाले म्हणून त्या पुढे सरकत नाहीत. बँकेत अनेकदा ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘साहेब, युद्ध सुरू आहे, एवढे समजून घ्या.’ परंतु यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीत अशी मोकळीक नाही. तिच्या ३६ व्या कलमातील युद्धाचा उल्लेख बँकेच्या स्वतःच्या खंडित कामकाजासंबंधी आहे आणि तो बँकेला संरक्षण देतो, निर्यातदाराला नव्हे. तारीख उलटल्यावर माल गेला, तर कागदपत्रे त्रुटीची ठरतात आणि ग्राहकाला भाव पाडण्याची संधी मिळते.

उपाय एकच: तणावाची चिन्हे दिसताच ग्राहकाला कळवून पतपत्रात दुरुस्ती करून घेणे. दहाव्या कलमानुसार त्यासाठी पतपत्र उघडणारी बँक, पुष्टी देणारी बँक असल्यास ती, आणि निर्यातदार या सर्वांची संमती लागते. हे काम एका दिवसाचे नसते. याशिवाय पेढीचा मुख्य माणूस परदेशात अडकला, तर बँकेच्या कागदांवर सही कोण करणार, याची व्यवस्था आधीच असावी. दुसऱ्या भागीदाराला किंवा मुलाला सहीचा अधिकार दिलेला असेल, तर पगार, कर आणि देणी थांबत नाहीत. उशीर झाला म्हणून नाव जात नाही. उशीर होणार हे ठाऊक असूनही कळवले नाही, तर जाते.

अडकलेल्या माणसाला सर्वांत मोठा आधार माणसांचाच असतो. ज्या शहरांतून जावयाचे तेथील संघाचा किंवा परिचित कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. परदेशस्थ कुटुंबांनाही विनंती आहे, की अशा रात्री आपल्या घरचे सात्त्विक दोन घास आणि झोपण्यापुरती जागा अनोळखी साधर्मिकाला देणे यापरते वात्सल्य कोणते? समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धडकी भरवणाऱ्या चित्रफिती पाठवण्याऐवजी ‘आमच्याकडे दोन जणांची सोय होईल’ एवढा एक संदेश पुरेसा असतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताला स्थान आहे. दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा स्वतः आखून घेणे, असे त्याचे स्वरूप. या व्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने वर, खाली आणि तिरकस अशा तिन्ही बाजूंनी मर्यादा ओलांडण्याचा उल्लेख केला आहे. माणूस आकाशात उडू लागण्याच्या कितीतरी आधी आपल्या आचार्यांनी ऊर्ध्व दिशेलाही सीमा घातली होती. आज ती सीमा बाहेरून, तोफांच्या भीतीने, आपल्यावर येते आहे. अशा वेळी निघण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा प्रवास आताच आवश्यक आहे काय? भेट महिनाभराने होऊ शकत असेल, सौदा दूरध्वनीवर ठरू शकत असेल, तर थांबावे. जाणे अटळ असेल, तर मात्र पूर्ण तयारीने आणि स्थिर मनाने जावे.