यंत्राला न दिसणारे

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलण्याचा अधिकार अभियंत्यांचाच, असा समज सुशिक्षित वर्गात पक्का होत चालला आहे. समाजवादी कार्यकर्तेही ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणून बाजूला होतात. हा समज यंत्रांच्या मालकांना सोयीचा आहे. त्यापलीकडे त्याला आधार नाही.

अमेरिकन विदुषी ल्यूसी सचमन यांचे शिक्षण मानववंशशास्त्राचे. १९८०च्या सुमारास त्या झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील केंद्रात संशोधन करू लागल्या. तेथे नकला काढण्याच्या एका अवघड यंत्राला संगणकाची जोड दिली होती. वापरणाऱ्याला टप्प्याटप्प्याने सूचना देणे हे त्याचे काम. सचमनबाईंनी माणसांच्या जोड्या त्या यंत्रासमोर उभ्या केल्या, त्यांचे बोलणे व हालचाली चित्रफितीवर टिपल्या आणि मग कागदावर रकाने आखले. एका बाजूस माणसे काय बोलली, कोठे अडखळली. दुसऱ्या बाजूस यंत्राला त्यातले काय कळले. यंत्राची बाजू जवळजवळ रिकामी राहिली! दाबलेले बटण, उघडलेले झाकण, एवढेच त्याला समजे. माणसे गोंधळून एकमेकांना विचारीत असता यंत्र आधी ठरवून दिलेल्या आराखड्याप्रमाणे सूचना देत राही. माणूस आराखड्याबरहुकूम नव्हे, तर समोरचा प्रसंग पाहून वागतो, हे त्यांनी १९८७ साली ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ या ग्रंथात मांडले. संगणकशास्त्रज्ञांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

आजचे यंत्र अस्खलित मराठी लिहिते, हे खरे. परंतु त्याच्यापुढे जे मांडलेच गेले नाही, ते त्याला आजही दिसत नाही. आणि याची किंमत नकलेच्या वाया गेलेल्या कागदाइतकी स्वस्त नसते. तेलंगणात २०१६ नंतर संगणकाने लावलेल्या निकषांवर सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. घरोघर जाऊन पडताळणी करा, असे अखेर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. जे काम आधी करावयाचे, ते न्यायालयाच्या आदेशाने मागाहून!

महाराष्ट्रात रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून ताटकळणारे मजूर कार्यकर्त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. त्यात दोन रकाने: माणसाने काय सांगितले आणि यंत्राने काय नोंदले. तहसीलदारांना द्यावयाचे निवेदन त्या वहीवरून लिहावे.