तार आणि तर्क

गेल्या एकादशीस सायंकाळीं आमच्या घरच्या संगणकाचें इंटरनेट अकस्मात् नाहींसें झालें. नातीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्रीं संपत होती. आमचा सारा क्रोध धाकट्या नातवावर कोसळला. त्यानेंच कांहीं तरी बिघडविलें, असें आम्हीं पुराव्यावांचून ठरविलें. आयुष्यभर पोरांस तर्क शिकविणाऱ्यास हें शोभलें नाहीं, हें कबूल.

नातू मात्र शांतपणें म्हणाला, "आजोबा, आधीं दिवा पाहूं." संगणकाच्या पाठीमागें तार खोंवतात, तेथें बहुधा एक चिमुकला दिवा असतो. तो विझलेला असल्यास तार, खोबण वा राउटर यांवर संशय घ्यावा. तो लागलेला असून इंटरनेट नसेल, तर संगणकाचा आय.पी. पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनीं सुरू होत असल्यास राउटराकडून पत्ता न मिळाल्यामुळें संगणकानें स्वतःच तो कल्पिला आहे, असें समजावें; मग राउटर बंद करून पुन्हां सुरू करावा.

आमचा दिवा विझलेला होता. राउटराच्या दुसऱ्या खोबणींत तार घातली, तरी तो विझलेलाच. नातवानें शेजारून आणलेली तार लावतांच मात्र तो उजळला. हा तर साक्षात् अन्वयव्यतिरेक! या तारेच्या पोटांत आठ बारीक तंतु जोडीजोडीनें पिळलेले असतात. ते आंत तुटले, तरी बाहेरून कळत नाहीं. जुनी तार ओढून पाहतों तों ती कपाटाच्या पायाखालीं चेंगरलेली. तें कपाट आदल्या दिवशीं आम्हींच सरकविलें होतें!

अर्ज दहाच्या आंत गेला. नातवाची क्षमा मागावयास मात्र आम्हांस सकाळ उजाडावी लागली.