पोटगीला महागाई भत्ता कोठे?

घटस्फोटात मुलाचा ताबा कोणाकडे जावा, यावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालतो. त्या मुलासाठी मिळणाऱ्या रुपयाची किंमत पुढे किती उरते, याची विचारणा मात्र क्वचितच होते. फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीची कमाल मर्यादा १९५५ साली दरमहा ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेच्या १२५ व्या कलमाने तीच कायम ठेवली आणि केंद्रीय कायद्यातून ती उठली २००१ साली! शेहेचाळीस वर्षांत धान्य, घरभाडे आणि शाळेची फी कोठल्या कोठे गेली, हे पगारदारास सांगावयास नको.

मर्यादा गेली, दोष राहिला. आदेशात आजही बहुधा ठरावीक आकडाच असतो. सहा वर्षांच्या मुलीस दरमहा ५००० रुपये मंजूर झाले आणि महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेली, तर ती अठरा वर्षांची होईतो त्या रकमेची क्रयशक्ती निम्म्यावर येते. याच काळात सरकारी नोकरीतील पित्याचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वाढत असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४६ व्या कलमान्वये पोटगी वाढवून मागता येते, हे खरे. परंतु त्यासाठी आईने पुन्हा अर्ज करावयाचा, रजा काढावयाची, वकिलाची फी भरावयाची. (ती फीही महागाईतून सुटलेली नाही.) काही न्यायाधीश मूळ आदेशातच वार्षिक वाढ घालतात. ही गोष्ट त्यांच्या विवेकावर न सोडता पोटगीची रक्कम कायद्यानेच ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडली पाहिजे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हा हिशेब वर्षातून दोनदा करीतच असते.